देव वाट दाखवतो, पावले आपण टाकायची

रविवारची उपासना संपली की मंडळीतले कोणी ना कोणी पाळकांना बाजूला गाठते. प्रश्न बहुधा ओळखीचे असतात. मुलाला आखाती देशात नोकरी चालून आली आहे, जाऊ द्यावे का? मुलीसाठी आलेले स्थळ चांगले आहे, पण होकार देताना मन कचरते, थांबावे का? बदली दूरच्या जिल्ह्यात झाली आहे आणि घरी आईवडील थकलेले आहेत. नोकरी सोडावी का? सगळे सांगून झाल्यावर शेवटी एक वाक्य हमखास येते : "यात देवाची इच्छा काय आहे, तेच कळत नाही."

असे म्हणणारी माणसे विश्वासात कच्ची नसतात. कच्ची असती तर पगार, अंतर आणि खर्च यांचा हिशेब मांडून मोकळी झाली असती. देव मार्गदर्शन करतो, हे त्यांना संडेस्कूलपासून ठाऊक असते. तो ते कसे करतो, हे मात्र कोणी नीट समजावून सांगितलेले नसते. मग कोणी स्वप्नाची वाट पाहतो, कोणी चिन्ह मागतो, कोणी एखाद्या प्रसिद्ध प्रवचनकाराचा फोन नंबर मिळवतो. त्यातून काहीच हाती लागले नाही, की 'देव माझ्याशी बोलत नाही' ही खंत मनात घर करते.

ही खंत दूर व्हावी म्हणून हा लेख आहे. आधी एक गोष्ट स्पष्ट करू. देवाचे मार्गदर्शन आणि भविष्य कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 119व्या स्तोत्रात देवाच्या वचनाला पावलांसाठी दिव्याची उपमा दिली आहे. त्या काळचा दिवा म्हणजे मातीची पणती, थोडे तेल आणि एक वात. तिच्या उजेडात पायाखालची वाट दिसे, खड्डा दिसे, दगड दिसे. डोंगरापलीकडचे गाव काही दिसत नसे. चालणारा चार पावले पुढे गेला की उजेडही चार पावले पुढे सरके. अब्राहाम घर सोडून निघाला तेव्हा आपण कुठे जात आहोत हे त्याला माहीत नव्हते, असे इब्री लोकांस पत्रात म्हटले आहे. आपल्याला हवा असतो सगळा नकाशा. देव बहुतेक वेळा पुढचे पाऊल दाखवतो आणि सोबत चालतो. विश्वास लागतो तो याचसाठी.

पौलापुढची दोन बंद दारे

मार्गदर्शन प्रत्यक्षात कसे घडते हे समजून घ्यायला प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील 16वा अध्याय वाचावा, आणि शक्यतो बायबलच्या शेवटी दिलेला नकाशा उघडून वाचावा.

पौल आणि सीला आजच्या तुर्कस्तानातून प्रवास करत आहेत. लुस्त्र येथे तरुण तीमथ्य त्यांच्याबरोबर निघाला आहे. पश्चिमेला आशिया नावाचा रोमी प्रांत आहे, इफिससारखे मोठे शहर त्यात आहे. सुवार्तेसाठी याहून चांगली जागा कोणती? पण तिथे वचन सांगायला पवित्र आत्मा मना करतो. मग ते उत्तरेला बिथुनियाकडे जाऊ पाहतात. तिकडेही जाऊ दिले जात नाही. का, याचे कारण या पुस्तकाचा लेखक लूक लिहीत नाही, आणि पौलाला ते सांगितले गेले असेही कुठे म्हणत नाही. पश्चिम बंद, उत्तर बंद. मधल्या वाटेने चालत ते त्रोवस बंदरात येतात. पुढे समुद्र आहे.

त्या रात्री पौलाला दृष्टान्त होतो. मासेदोनियाचा एक मनुष्य उभा राहून विनवतो, की इकडे येऊन आम्हाला साहाय्य करा. सकाळी पौल ते सोबत्यांना सांगतो. सगळे मिळून विचार करतात, देव आपल्याला तिकडेच बोलावत आहे अशा निर्णयाला येतात आणि लगेच जहाजाच्या शोधाला लागतात.

फिलिप्पैला पोहोचल्यावर काय दिसते? दृष्टान्तातला तो मनुष्य काही भेटत नाही. शब्बाथाच्या दिवशी वेशीबाहेर नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या काही स्त्रिया भेटतात. त्यांच्यात लुदिया नावाची जांभळी वस्त्रे विकणारी व्यापारी स्त्री आहे. प्रभू तिचे अंतःकरण उघडतो, तिचा आणि तिच्या घरच्यांचा बाप्तिस्मा होतो, आणि तिच्या घराचे दार पाहुण्यांसाठी उघडते. ही लुदिया मूळची कुठली? थुवतीरा नगराची, आणि थुवतीरा आशिया प्रांतात आहे. ज्या प्रांतात वचन सांगायला पौलाला मनाई झाली, तिथली स्त्री त्याला समुद्रापलीकडे भेटली! पुढे काही वर्षांनी पौल इफिसलाही गेला. तुरन्नाच्या पाठशाळेत त्याने दोन वर्षे शिकवले आणि आशियात राहणाऱ्या सर्वांच्या कानी वचन गेले, असे 19वा अध्याय सांगतो. तेव्हा देवाने पहिल्यांदा दिलेला नकार कायमचा नव्हता.

या प्रवासातून आपल्या उपयोगाच्या चार गोष्टी निघतात.

पहिली, पौल घरी बसून इशाऱ्याची वाट पाहत नव्हता. हाती असलेले काम करत तो चालत होता, म्हणून त्याला थांबवता आले आणि वळवताही आले. दुसरी, त्याने दृष्टान्ताचा अर्थ एकट्याने लावला नाही, सोबत्यांपुढे ठेवला. तिसरी, आलेली हाक कोणाच्या तरी गरजेची होती. 'इकडे ये, तुझे भले होईल' असे तो मनुष्य म्हणाला नाही. त्याने मदत मागितली. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. योग्य वाटेवर असूनही पौल आणि सीला यांना फिलिप्पैत फटके बसले आणि पायांत खोडा अडकवला गेला. अडचण आली म्हणजे वाट चुकली, असा अर्थ त्यांनी काढला नाही. मध्यरात्री ते प्रार्थना करत होते, गात होते.

मार्गदर्शन मिळते ते कशातून?

वचन, प्रार्थना, सल्ला, परिस्थिती आणि मनाची शांती या पाच गोष्टींमधून देवाची इच्छा कळते, असे ख्रिस्ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आली आहे. त्यांचा क्रम मात्र आपण विसरतो आणि शेवटची गोष्ट पहिली करतो.

वचन पहिले. देवाची बरीचशी इच्छा आधीच लिहून ठेवलेली आहे, तिच्यासाठी दृष्टान्ताची गरज नाही. व्हिसासाठी अनुभवाचे खोटे सर्टिफिकेट जोडावे का, यावर उपास-प्रार्थना करण्याचे कारण नाही. मुलाकडच्यांनी हुंडा मागितला, तर 'प्रभूची इच्छा काय' हा प्रश्नच उरत नाही. भावाचा वाटा बुडवून घेतलेल्या जमिनीवर घर बांधताना आशीर्वादाची प्रार्थना ठेवून काही साधत नाही. जिथे शास्त्र स्पष्ट बोलते तिथे आज्ञा पाळायची असते. जिथे दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत, तिथे खरा निर्णयाचा प्रश्न सुरू होतो. अशा वेळी उपयोगी पडते ते रोजचे, सलग वाचन. मार्काचे शुभवर्तमान पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचा. येशू कोणासाठी थांबतो, कोणाला नाही म्हणतो, गर्दी मागे लागली असताना एकांतात का जातो, हे पाहता पाहता आपल्या मनाला वळण लागते. पुढे एखाद्या प्रसंगी नेमकी ओळ आठवली नाही तरी ते वळण कामी येते.

प्रार्थना दुसरी. गेथशेमाने बागेत येशूने पित्याजवळ आपली इच्छा आधी स्पष्ट सांगितली आणि मग ती पित्याच्या हाती सोपवली. आपण पुष्कळदा पहिला भाग गाळतो. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे तोंडाने म्हणतो आणि मनात काय आहे ते देवापासूनही लपवतो. तसे करू नका. परदेशी जायची हौस असेल तर सांगा. त्या स्थळाला नाही म्हणायची भीती वाटत असेल तर भीती सांगा. लपवलेली इच्छा पुढे देवाचा आवाज म्हणून बोलू लागते आणि आपण फसतो.

प्रार्थना आणि तयारी यांत विरोध नाही, हे नहेम्याकडून शिकावे. यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी त्याला शूशन राजवाड्यात किसलेव महिन्यात कळली. तो रडला, उपास केला, प्रार्थना करत राहिला. राजापुढे बोलायची संधी आली ती निसान महिन्यात, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांनी. राजाने विचारले, तुला काय हवे? नहेम्याने मनातल्या मनात प्रार्थना केली आणि मग नेमके मागितले : परत येण्याची मुदत ठरवली, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रे मागितली आणि वेशींच्या लाकडांसाठी राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्या नावे पत्र मागितले. यरुशलेमेत गेल्यावर त्याने रात्रीच्या वेळी मोजकी माणसे बरोबर घेऊन तटाची पाहणी केली आणि त्यानंतरच लोकांना काम सांगितले. महिनोन्‌महिने गुडघे टेकणाऱ्या या माणसाजवळ लाकडाचा हिशेबही तयार होता. तुमच्याही प्रार्थनेच्या जोडीला फाइल तयार असू द्या : खर्चाचा अंदाज, कराराची प्रत, डॉक्टरांचे कागद, बँकेचे हप्ते.

सल्ला तिसरा. नीतिसूत्रांच्या पुस्तकात सल्लागारांचे महत्त्व पुन्हा पुन्हा सांगितले आहे. सल्ला घ्यायची माणसे मात्र पारखून निवडा. एक, तुम्हाला वर्षानुवर्षे ओळखणारी व्यक्ती. दुसरी, त्या विषयातली माहीतगार व्यक्ती; आखातात जायचे असेल तर तिथे राहून आलेली. तिसरी, तोंडावर 'नको' म्हणायची हिंमत असलेली. तिघांचे मत एकाच बाजूला पडले तर ते हलक्यात घेऊ नका. एजंटाबद्दल शंका असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची नावे पाहता येतात. ती तपासणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. देवाने दिलेली बुद्धी वापरणे हाही आज्ञापालनाचाच भाग आहे.

परिस्थिती चौथी. दार उघडे दिसले म्हणजे ते देवानेच उघडले, असे नसते. योनाला निनवेला जायचे नव्हते. तो याफो बंदरावर गेला, तर तार्शीशला निघालेले जहाज तयार, आणि भाड्याचे पैसेही जवळ होते. सगळे जुळून आले होते, आणि तो देवापासून पळत होता! म्हणून परिस्थिती एकटी साक्ष देऊ शकत नाही. वचन आणि सल्ला यांच्या जोडीला ठेवूनच तिचा अर्थ लावावा.

मनाची शांती शेवटी. 'मला शांती वाटली म्हणून मी हे केले' असे आपण सहज म्हणून जातो. पण अवघड काम टाळले तरी शांत वाटते. उलट गेथशेमानेत येशूचा जीव अत्यंत व्याकूळ झाला होता, आणि तो पित्याच्या इच्छेच्या अगदी मध्यभागी होता. पहिल्या चार गोष्टी प्रामाणिकपणे केल्यानंतर मनाला जो स्थिरपणा येतो, तो विश्वासार्ह. त्याआधीची शांती तपासून घ्यावी.

या चार सवयी सोडा

डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी, असे मानायचे ही पहिली सवय. वचनपेटीतली चिठ्ठी किंवा 31 डिसेंबरच्या रात्री मिळालेले वर्षाचे वचन धीर देते, ते जपून ठेवावे. पण त्या एका ओळीवर लग्न, घर किंवा नोकरी ठरवू नये. ज्या अध्यायातून ती ओळ घेतली आहे तो अध्याय काय सांगतो, हे आधी वाचावे.

दुसरी सवय गिदोनासारखी लोकर टाकण्याची. 'उद्या दहापर्यंत फोन आला तर हो, नाहीतर नाही' असा करार आपण देवाशी करतो. गिदोनाला काय करायचे हे आधीच सांगितले होते. लोकर त्याने भीतीपोटी टाकली. देवाने त्याच्या दुर्बळपणाची कीव केली, पण त्यामुळे ती पद्धत आपल्यासाठी नियम होत नाही.

तिसरी सवय सर्वांत धोक्याची. 'देवाने मला तुझ्याविषयी सांगितले आहे' असे कोणी म्हटले, की आपण निर्णय त्याच्या हाती देऊन मोकळे होतो. प्रत्येक आत्म्याची परीक्षा करा, असे योहानाच्या पहिल्या पत्रात बजावले आहे. बिरुयाच्या लोकांनी तर पौलाचे बोलणेही रोज शास्त्राशी ताडून पाहिले, आणि लूकने त्यांची प्रशंसा केली. भविष्यवाणी ऐकवून देणगी मागणारा, घरच्यांना सांगू नकोस म्हणणारा, भीती घालणारा, किंवा औषध बंद कर म्हणणारा माणूस कितीही मोठ्या व्यासपीठावर उभा असला तरी त्याचे ऐकू नका. लूक वैद्य होता आणि पौलाचा प्रिय सोबती होता. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इस्पितळ उभारले ते याच विश्वासातून, की प्रार्थना करणारे हात शस्त्रक्रियाही करू शकतात.

चौथी सवय म्हणजे कधीच निर्णय न घेणे. 'अजून प्रार्थना करतोय' हे उत्तर काही काळ खरे असते. वर्षे लोटली तरी तेच उत्तर राहिले, आणि मुलीचे लग्न किंवा आईचे ऑपरेशन त्यात अडकून पडले, तर ती प्रार्थना राहत नाही, चालढकल होते.

केडगावची वाट

आपल्या मातीत या विषयाचा सर्वांत मोठा धडा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात मिळतो. त्यांचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थयात्रा करत त्यांचे बालपण गेले. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर पायी भटकत त्या 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हणून गौरवले. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांनाही मृत्यूने नेले. पदरी लहानगी मनोरमा होती.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्याच्या इच्छेने. भारतातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. हेतू चांगला होता, गरज खरी होती. पण ऐकू येणे कमी होत गेले आणि वैद्यकीय शिक्षणाची वाट बंद झाली. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकल्या आणि तिथेच संस्कृत शिकवूही लागल्या. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तो प्रवास थोडक्यात आटोपणार होता, पण मुक्काम दोन वर्षांहून लांबला. शाळा कशा चालवाव्यात हे त्यांनी तिथे पाहिले, जागोजागी व्याख्याने दिली, आणि 1887 मध्ये बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी संस्था स्थापन झाली. तिच्या मदतीवर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले.

बोस्टनची मदत दहा वर्षांपुरती होती. ती संपल्यावर खर्च भागावा म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. हिशेब व्यवहाराचा होता. मग 1896-97चा दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात पोरकी झालेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आली. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते; इतक्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. मग त्यांना केडगावच्या शेतावर नेले. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले.

हा सगळा प्रवास उलट्या दिशेने पाहिला तर देवाचा हात स्पष्ट दिसतो. पण तो जगताना रमाबाईंना पुढचे दिसत नव्हते. कान गेले तेव्हा बोस्टन माहीत नव्हते. जमीन घेतली तेव्हा दुष्काळ माहीत नव्हता. त्या त्या वेळी समोर असलेले प्रामाणिक काम त्यांनी मन लावून केले, आणि गरज समोर उभी राहिली तेव्हा पाठ फिरवली नाही. त्यांचा विश्वास आंधळाही नव्हता. वाँटेजच्या ज्या सिस्टरांनी त्यांना आधार दिला, त्यांच्याशीही त्यांनी धर्मसिद्धान्तांवर पत्रांतून वाद घातला, शास्त्र स्वतः वाचून पाहण्याचा आग्रह सोडला नाही. पुढे इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. सल्ला घ्यावा, आदर ठेवावा, पण सदसद्विवेकबुद्धी कोणाकडे गहाण ठेवू नये, हे त्यांच्याकडून शिकावे.

थांबायला लागते तेव्हा

काही वेळा देव 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. गणना या पुस्तकातील 9व्या अध्यायात इस्राएल लोकांच्या मुक्कामांविषयी वाचा. निवासमंडपावरचा मेघ दोन दिवस थांबो, महिनाभर थांबो की वर्षभर, तो वर गेल्याशिवाय लोक तळ हलवत नसत. पण तळ ठोकून असतानाही चूल पेटत होती, मुले वाढत होती, उपासना चालू होती. थांबणे म्हणजे आयुष्य बंद ठेवणे नव्हे. नोकरीची वाट पाहत असाल तर कौशल्य वाढवा. घर सोडावे की नाही हे कळत नसेल तर आहे त्या घरातले नाते सुधारा. मंडळीत जे काम अडून आहे ते हाती घ्या.

लांबची वाटही कधी कधी देवाचीच असते. मिसरातून बाहेर आणताना देवाने लोकांना पलिष्ट्यांच्या देशातून नेले नाही, जरी ती वाट जवळची होती. युद्ध पाहून ते परत फिरतील, हे त्याला माहीत होते. ज्या परीक्षेत यश आले नाही, जी बढती हुकली, तिच्यामागे हेच कारण असेल असे मी खात्रीने म्हणणार नाही. पण जवळची वाट न मिळणे म्हणजे देवाने सोडून देणे, असेही समजू नका.

वाटेत कोणी गेले तर

प्रवासात मृत्यू येतो, आजार येतो, लग्न मोडते. अशा वेळी 'देवाची काहीतरी योजना असेल' हे वाक्य घाईने कोणालाही सुनावू नका. रोमकरांस पत्रातल्या आठव्या अध्यायात सर्व गोष्टी मिळून कल्याण होते असा विश्वास व्यक्त केला आहे. त्याच पत्रात पुढे रडणाऱ्यांबरोबर रडायलाही सांगितले आहे. नवरा आणि दोन मुलगे गमावून बेथलेहेमला परतलेल्या नामीने आपले दुःख आणि कडवटपणा गावातल्या बायांपुढे उघड बोलून दाखवला. शास्त्राने तिचे ते बोलणे खोडून काढलेले नाही. रूथने तिला उपदेश केला नाही; ती तिच्याबरोबर चालत आली आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून तिला खाऊ घातले. दुःखात असलेल्याला देवाचे मार्गदर्शन पुष्कळदा अशा सोबतीतूनच मिळते. तुम्ही स्वतः दुःखात असाल तर स्तोत्रकर्त्यांसारखी तक्रार देवापुढे मांडा. तक्रार करणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे. ती ऐकणारा आहे हे मान्य केल्याशिवाय ती करता येत नाही.

आणि विचारपूर्वक घेतलेला निर्णय चुकीचा ठरला तर? पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, तरी तिबिर्या समुद्राच्या काठी प्रभूने त्यालाच मेंढरे सोपवली. आपल्या एका चुकीने देवाची वाट संपावी इतकी ती अरुंद नाही. चूक मान्य करा, ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई करा आणि जिथे उभे आहात तिथून पुढचे पाऊल विचारा.

या आठवड्यापासून काय कराल?

एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. वाक्य लांबत असेल तर प्रश्नच अजून स्पष्ट झालेला नाही. त्याखाली लिहा, या बाबतीत शास्त्राची कोणती आज्ञा आधीच स्पष्ट आहे. मग तुमची स्वतःची इच्छा आणि भीती खरेपणाने लिहा. ज्या तिघांचा सल्ला घेणार त्यांची नावे लिहा आणि भेटून झाल्यावर प्रत्येकाचे म्हणणे आपल्या मताची भर न घालता टिपून ठेवा. तपासायची माहिती आणि कागदपत्रे यांची यादी करा. निर्णयाची तारीख ठरवा. ती पुढे ढकलायची वेळ आली तर कारणही लिहा.

शेवटच्या पानावर एक प्रश्न लिहा : मी या वाटेने गेलो तर तिथे माझी कोणाला गरज आहे, आणि मी गेल्याने इथे कोण उघडे पडेल? पौलाला आणि रमाबाईंना जी हाक आली ती गरजेच्या आवाजात आली. आपल्यालाही ती तशीच येण्याची शक्यता मोठी आहे. आखातातल्या पगाराने बहिणीचे शिक्षण होणार असेल तर तीही गरजच आहे. थकलेल्या आईवडिलांसाठी जवळची कमी पगाराची नोकरी पत्करावी लागली तर तेही प्रभूचेच काम आहे. दोन्हींत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवू नका; तुमच्यापुढे कोणते आहे ते पाहा.

ठरलेल्या दिवशी घरच्यांबरोबर प्रार्थना करून निर्णय घ्या आणि तो निभावा. वही जपून ठेवा. काही वर्षांनी ती वाचाल तेव्हा देवाने कुठे थांबवले आणि कुठे वळवले हे तुमच्याच अक्षरात दिसेल, आणि तरुण पिढीला सांगण्यासाठी तुमच्याजवळ एक खरी साक्ष असेल. तेव्हा सगळी वाट दिसण्याची वाट पाहत बसू नका. जे दाखवले आहे ते आज करा. पुढचे दाखवण्याची जबाबदारी देवाची आहे आणि तो ती टाळत नाही.